घड्याळ, कॅल्क्युलेटर अन् आमची पोरं

खडू हातात धरला की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. बाहीवरच्या भुकटीसारखे आपोआप साचतात. मी सौंसरच्या एका शाळेत गणित शिकवायचो. ऐंशीनंतर वर्गात नवी यंत्रं शिरू लागली, अन् पोरांचं लक्ष उडणार म्हणून आम्हा मास्तरांना घोर लागला.

*

आधी आलं डिजिटल घड्याळ. रामाकोना गावच्या प्रकाशला त्याच्या मामानं नागपूरहून आणलेलं. दर तासाला ते 'टिट् टिट्' करायचं. वेळ जवळ आली की साऱ्यांचे डोळे त्याच्या मनगटावर.

हेडसर म्हणाले, जप्त करा. मी उलटं केलं. घड्याळ वाजलं की नुकतं शिकवलेलं विचारीन, बरोबर सांगेल त्यानं घड्याळाचं लाइटचं बटण दाबायचं. प्रकाशही कबूल झाला.

पोरं जीव लावून ऐकू लागली. एकदा घड्याळ वाजलं अन् मीच विसरलो. प्रकाश म्हणाला, "सर, विचारा ना. सारे वाट पाहून राहिले!"

*

मग कॅल्क्युलेटर. पांढुर्ण्याहून बदलून आलेल्या एका सरांनी तो वर्गात दाखवला. दोन अधिक तीन गुणिले चार, बटणं दाबली, उत्तर वीस.

मोहगावची शोभा उभी राहिली. आईबाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरीला. दहावीपर्यंत पोचलेली घरातली ही पहिलीच. म्हणाली, चौदा. सरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वीस. वर्ग हसला. पण ती खाली बसली नाही.

"सर, गुणाकार आधी कराचा असते. याले कोनं शिकवलंच नाही वाटते."

सरांनी कॅल्क्युलेटर खिशात टाकला, अन् खडू तिच्या हाती दिला.

*

पुढं कॉम्प्युटर आला. एकच, पाळी कोणाचीच लवकर येईना. म्हणून पुठ्ठ्यांवर कीबोर्ड काढून दिले. पोरं त्यावरच बोटं चालवायची.

छिंदवाड्याहून शिक्षण खात्याचे साहेब बघायला आले, अन् नेमकी लाइट गेली. साहेब म्हणाले, आता काय दाखवणार? मी वर्गातल्या वनिताला उठवलं. साहेबांनी तिला मामाच्या गावाचं नाव इंग्रजीत टाइप करायला सांगितलं. तिनं पुठ्ठाही घेतला नाही. डोळे मिटून रिकाम्या बाकावरच बोटं चालवली. वर्ग एकटक बघत होता.

साहेब हसले. वर्गाला म्हणाले, "काय लिहिलं हिनं?"

मागून राजू उठला. "सावरगाव, सर. पण मधातला एक 'ए' राहून गेला."

वनितानं डोळे उघडले, बोट मागं नेलं, अन् बाकावर तो 'ए' दाबला.