खिशात नाही, टेबलावर

हडपसरच्या भीमराव सोनवणे सरांनी एका आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मोटार मेकॅनिक घडवले आणि निवृत्त होताना एक समज घरी घेऊन आले: आपल्याला न उमगणारी गाडी अजून जन्माला यायची आहे. त्यामुळे त्यांच्या डिझेल एसयूव्हीचा धुराचा फिल्टर चोंदल्याचा दिवा लागला, तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्याचं बोलणं त्यांनी अर्ध्यावरच तोडलं. "हा टायवाला मला सायलेन्सर शिकवणार!" असं बायकोला, द्वारकाबाईंना ऐकवून ते पार्किंगमध्ये गाडीखाली शिरले.

जुन्या गाड्यांचा सायलेन्सर काजळीनं भरला की ते तो उतरवून, हातोडीनं ठोकून साफ करत. हा फिल्टरही त्यांनी तसाच उतरवला आणि तसाच ठोकला. आतली चिनीमातीची जाळी बशीसारखी फुटली. असले फिल्टर त्यांच्या निवृत्तीनंतर आले, हे खरं. पण माहीत नसताना हातोडी घ्या, असं कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे सरांनी जे केलं, ते आठवलं की आजही त्यांची मान खाली जाते. तुकडे पिशवीत भरून त्यांनी डिकीत स्टेपनीमागे लपवले, पोकळ डबा परत चढवला, न विझणाऱ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि वर जाऊन म्हणाले, "झालं. काय होतं त्यात!"

द्वारकाबाईंनी ही कामगिरी सोसायटीभर सांगितली. जो तो जिन्यात कौतुक करू लागला आणि दर कौतुकाला सरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

महिन्याभरात पीयूसी संपली. पीयूसी केंद्र आफताब शेखचं, म्हणजे सरांच्याच जुन्या विद्यार्थ्याचं. सर दिसले की तो अजूनही खुर्चीतून उठून उभा राही. दुसरीकडे जावं असं सरांच्या मनात आलं होतं. पण तोंड लपवून तरी किती दिवस फिरणार?

आफताबनं नळी लावली आणि आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागून काळा लोट निघाला. त्यानं चिकटपट्टी पाहिली, स्क्रीनवरचा आकडा पाहिला. मग खाली उतरून, वाकून त्यानं पान्यानं फिल्टरच्या डब्यावर हलकेच ठोकलं आणि कान दिला. ही रीत सरांनीच शिकवलेली. डबा रिकाम्या पिंपासारखा वाजला. आफताब जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

रांगेत तिघंचौघं उभी होती. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "सर, मशीनच नीट चालत नाहीये आज. उद्या या तुम्ही. मी बघतो काहीतरी."

हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते सरांना पुरतं कळलं. त्यानं चारचौघांत वाभाडे काढले असते तर सोसलं असतं. पण आपली लाज झाकायला हा सरळमार्गी माणूस खोटा कागद द्यायला तयार झाला होता. पंधरा वर्षांपूर्वी याच आफताबनं वर्कशॉपमध्ये पिस्टनची रिंग तोडून खिशात लपवली होती. सरांनी त्याला अख्खा तास वर्गासमोर उभं केलं होतं. "तुटलेलं खिशात नाही ठेवायचं, टेबलावर ठेवायचं!" तो रडला होता, तरी सरांनी 'खाली बस' म्हटलं नव्हतं.

सरांनी डिकी उघडली. स्टेपनीमागची पिशवी काढून त्यांनी ती आफताबच्या टेबलावर रिकामी केली. काळे तुकडे त्याच्या कागदांवर पसरले.

"मशीन चांगलं आहे," सर म्हणाले. आवाज रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "फिल्टर मी फोडलाय. आणि महिनाभर लपवलाय. नापास लिही."

"सर, बसा ना आधी," आफताबनं आपली खुर्ची पुढे सरकवली.

सर बसले नाहीत. टेबलासमोर हात मागे बांधून उभे राहिले. आणि सर उभे आहेत म्हणून आफताबनंही तो नापासाचा कागद उभ्यानंच टाइप केला.