पत्र्यातला करंट

आज शेजारी कोणीतरी जुनी वायर जाळून तांबं काढत होतं. त्या उग्र वासानं मी मनानं डोंगरकडा गावी, सासरच्या शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन पोचले.

त्या पावसाळ्यात लेंड्या झाडताना गोठ्याच्या पत्र्याला हात लागला, की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. मी घरात सांगितलं. सासऱ्यांनी रबरी बूट घातलेले तसेच येऊन पत्र्यावर पंजा ठेवला. नवऱ्यानंही बुटातच ठेवला.

“काहीच न्हाई. तुला भास होऊन राहिला, पोरी,” सासरे म्हणाले.

मग एका सकाळी गाभण शेळी पत्र्याला टेकून मरून पडलेली दिसली. शेळी मेली म्हटल्यावर वायरमन लगेच आला. पत्र्याला लावताच त्याचा टेस्टर पेटला. छपराखालच्या खिळ्यानं वायर सोलली होती.

“बुटात कळत न्हाई हे. आधी अनवाणी कोणाला शॉक बसला व्हता का?” त्यानं विचारलं.

लेंड्यांची पाटी घेऊन मी तिथंच ओल्या मातीत उभी होते, अनवाणी.

“न्हाई बा,” सासरे माझ्याकडं न बघता म्हणाले. “कोणालाच न्हाई.”

त्या दिवशी मी खूप रडले. शेळीसाठी रडून राहिली, असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.