मागचं दार

लेकीला लग्न त्याच घरात करायचं होतं. आम्ही राहतो त्या अ‍ॅमस्टेलव्हीनहून गाडीने थोडं लांब, नदीकाठी, जुन्या काळच्या एका डच श्रीमंताचा बंगला. आता समारंभांना भाड्याने देतात. फोटो पाहूनच ती हरखली होती. माझं मात्र मन घेईना. उगाच चिडचिड करतोस, असं म्हणत बायकोने मला, लेकीला आणि नागपूरहून आलेल्या आईला घर बघायला पिटाळलं.

घर दाखवणाऱ्या बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. बांधणाऱ्या मालकाचे सुरीनामच्या डच वसाहतीत उसाचे मळे होते. तिथे गुलाम राबायचे, मालक जन्मात तिकडे फिरकला नाही. पैसा तेवढा इकडे आला आणि त्याचे हे संगमरवरी जिने झाले. दिवाणखान्याच्या छतावर गिलाव्यात घडवलेला ऊस अजून आहे, पानापानासकट. पाहुण्यांच्या खोल्या प्रशस्त, उंच. नोकरांसाठी जिन्याखालून एक ठेंगणी वाट, कारण ते कुणाच्या नजरेस पडायला नकोत. वॉलपेपरमध्ये बेमालूम दडवलेलं त्यांचं दारही बाईंनी ढकलून दाखवलं. लेक फोटो काढत होती. मी खिशातल्या किल्ल्या वाजवत होतो.

आई हळूहळू मागून येत असेल, असं मी धरून चाललो होतो. ती आलीच नव्हती.

शोधत बाहेर गेलो. घराला वळसा घालून ती मागच्या बुटक्या दाराशी उभी होती, चपला हातात घेऊन, कुणीतरी आत बोलवेल म्हणून. गाडीतून उतरल्यावर आम्ही पुढे गेलो आणि ती सरळ मागे. गावात मोठ्यांच्या घरी आमच्या माणसांचं जाणं मागूनच असायचं, तेही अंगणापर्यंतच.

"आई, इथे काय करतेस?" माझा आवाज चढलाच. राग आला होता, पण तो तिच्यावर नव्हता.

"सवय आहे ना रे," ती म्हणाली. "एवढं मोठं घर दिसलं आणि पाय वळले."

लेक माझ्या मागोमाग आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती डचमध्येच देते. आजी इथे का, असं तिने विचारलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने आजीच्या चपला खाली ठेवून तिच्या पायांत घातल्या आणि हात धरून तिला पुढच्या जिन्यावरून आत आणलं. लग्नातही तू इथूनच येणार, असं डचमध्ये बजावलं. मी ते आईला मराठीत सांगितलं.

आईने छतावरचा ऊस बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाली, "आणि लग्नात जेवण घेऊन येणारे कुठून येतील? विचार त्यांना."

मी विचारलं. बाई सहज म्हणाल्या, मागच्या दाराने. पुढचा जिना त्यांच्यासाठी नसतो, तसा नियमच आहे.

लेकीने मोबाइल पर्समध्ये टाकला.

"मग नको," ती म्हणाली. मराठीत, आजीकडे बघून.