फुलीवरची मधुमालती

रस्ता रुंद करायला पालिकेने आमच्या कुंपणाच्या भिंतीवर लाल फुली मारली. भिंत, वेल, पुढची खोली, सगळं जाणार. तेव्हापासून आई मधुमालतीचे कोवळे शेंडे सुतळीने नेमके त्या फुलीवर बांधते. मी पत्रकं वाटली, निवेदनं दिली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वेलीने निदान फुली झाकली.

आज पालिकेचा माणूस रंगाचा डबा घेऊन आला.

"फांदी मोडू नका हो, कळ्या आल्यात," आई म्हणाली.

"नाही मोडत, मावशी."

त्याने वेल अलगद उचलली, फुली गडद केली, वेल होती तशी सोडली.

अरेरावीशी भांडता येतं. या सौजन्याशी कसं भांडायचं? पुढची खोलीही हे लोक अशीच पाडतील, मावशी म्हणत, हळूच.

आई ओल्या रंगावर पुन्हा शेंडे बांधते आहे. तिची बोटं लाल झाली आहेत.