हेल्गाबाईची जागा

लोक म्हणतात, गौरम्माची मिरची परवडली, पण तोंड नको. म्हणू द्या की! जन्म बाजारात गेला माझा, तोंड नसतं तर टिकले असते का? हे तोंड त्या गोऱ्या बाईवर पहिल्याच दिवशी सुटलं होतं. पुढं एकदा ह्याच तोंडाला पाच महिने कुलूप लागलं. आज सत्तरीत तुमच्याशी बोलून राहिले ती त्या बाईमुळं, म्हणून दोन्ही सांगते. बसा इथं पोत्यावर. शिंक आली तर मान तिकडं करा, मिरचीवर नको.

आमचं बोरतळा जळकोटच्या अलीकडं, माळावरचं गाव. दर बेस्तरवारी बाजार. बाजारात जागेचा कागद नसतो, पण जागा ठरलेली असती. माझी जागा ऐन वाटंवर, सासूकडून मला आलेली. शेजारी कडुलिंबाखाली सरजाबाई कुंभारीण मडकी मांडायची. ती एखाद्या बाजारी आली न्हाई तरी तिथं दुसरं कोणी बसायचं न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळाआधी दोन वर्सं असंल. मी पोत्याचं तोंड सोडून राहिले, तर सरजाबाईच्या जागेवर एक उंच गोरी बाई पत्र्याची पेटी घेऊन बसलेली. पांढरं लुगडं, गळ्यात क्रूस, नाक उन्हानं लाल.

मी ओरडले, "ए बाई! ऊठ तिथून! तुझ्या बापाची जागा हाय का?"

ती उठली. हात जोडले आन् पुस्तकातल्यासारखं बोलली, "क्षमा करा, मला ठाऊक नव्हते. मग मी कोठे बसावे?"

अख्खी रांग हसली. मला अजून चेव आला. "जिथं कोणी बसत न्हाई तिथं बसावे!" म्हणलं.

तशी जागा एकच होती, जनावरांच्या हौदाजवळची. शेण, चिखल, माशा. म्हणलं, आता जाईल गपगुमान घरी. कसली जाती! तिथं पोतं अंथरलं, पेटी उघडली आन् बसली की दिवसभर.

तिचं नाव हेल्गा. नॉर्वे म्हणून मुलूख हाय, अर्धं वर्स बर्फात असतो, तिथली. येशूच्या कामाला म्हणून आईबापाला सोडून इकडं आलेली नर्स. गावापासून दोन कोसांवर मिशनचा छोटा दवाखाना होता, त्यात ती वर्सभर वाट बघत बसली. पुरुष यायचे, गळू घेऊन, मोडलेला हात घेऊन. बाईमाणूस एक आलं न्हाई. का आलं न्हाई ते तिनंच मला पुढं सांगितलं. "गौराक्का, दवाखान्याला जायचं तर बाईला सासूला विचारावं लागतं, नवऱ्याला विचारावं लागतं. बाजाराला जायचं तर कोण अडवतं?" म्हणून ती दवाखाना डोक्यावर घेऊन बाजारात आली. डोकं होतं बाईला. आमच्या एकाही शहाण्याला हे सुचलं नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. मडकी घडवायला पाणी कुठलं? सरजाबाई लेकरांना घेऊन हैदराबादला गेली, ती गेलीच. चाळीस जणांचा बाजार नऊ-दहावर आला. मीसुद्धा चार बाजार चुकवले, खोटं कशाला बोलू? ही बाई एक चुकली न्हाई. पहाटं उठून प्रार्थना करायची, पाणी उकळायची, त्यात मीठ-साखर घालून घागर भरायची. पेटी डोक्यावर, घागर काखेत, दोन कोस पायी. खडीवरच्या बायकांची लेकरं जुलाबानं ढाळून ढाळून माना टाकायची. हौदात थेंब न्हाई, डोक्यावर सावली न्हाई. कोरड्या हौदाला पाठ टेकून ती लेकरू मांडीवर घ्यायची आन् चमच्या-चमच्यानं पाणी पाजायची. तास तास. मी लांबून बघायची आन् उगाच मिरची खालीवर करायची.

आमच्या बाजाराचा एक कायदा हाय. वाईट सालात जो जागा सोडत न्हाई, त्याला बाजारात जागा द्यावीच लागती. पुढल्या वर्सी पाऊस झाला, बाजार भरला, तशी मी तरातरा हौदाकडं गेले.

"ए बाई! ऊठ तिथून!"

ती दचकून उठली. बिचारीला वाटलं, इथूनबी हाकलती. "आता कोठे?" म्हणाली.

"लिंबाखाली. सरजाबाई काय आता येत न्हाई. दे ती पेटी इकडं."

पेटी उचलली आन् माझा हात खाली गेला, एवढी जड. ही एवढं वझं दर बाजारी डोक्यावरून आणती, आन् मी हिला शेणात बसवलं! लई लाज वाटली मला. तोंडानं मात्र म्हणलं, "लवकर चल, गिऱ्हाईक खोळंबलंय."

शेजारी आली, तरी बायका तिच्यापुढं सरळ येऊन बसंनात. चार माणसांत दुखणं कोण सांगंल? एकदा एक नवी सून माझ्यापुढं बसली. "मिरची कशी दिली?" सांगितलं. ती मिरची चिवडत बसली. परत तेच, "मिरची कशी दिली?" परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तशी मी भडकले, "घ्यायची हाय का नुसती चिवडायची?" पोरीच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी. मला वाटलं, मिरची लागली. तेवढ्यात शेजारून, मान न वळवता, हातातली पट्टी गुंडाळत गुंडाळत हेल्गाबाई हळूच म्हणाली, "किती दिवस झाले?"

त्या पोरीनंही मान वर केली न्हाई. मिरचीकडं बघत, मिरचीलाच सांगून राहिल्यागत सगळं सांगितलं. औषधाची पुडी मिरचीच्या पुड्यात घालून दिली तिला.

तवापासून तीच रीत पडली. बाई यायची, माझ्यापुढं बसायची, तीनदा भाव विचारायची. तिसऱ्या वेळी माझ्या ध्यानात यायचं आन् मी बोंब ठोकायची, "या, या! लाल मिरची, झणझणीत मिरची!" म्हणजे पलीकडच्याला बाईचं बोलणं ऐकू जाऊ नये. आमची लिंगायताची, बौद्धाची, मराठ्याची, मुसलमानाची, सगळ्या बायकांची दुखणी माझ्या ढिगावरून गेली. चाकूरकडून बायका यायच्या, तिकडं काय मिरची मिळत नव्हती? पण एक शब्द बाहेर गेला न्हाई. ह्या तोंडातून, बरं का!

सकाळी पेटी उघडायच्या आधी ती डोळे मिटून येशूला हाक मारायची. मी कपाळाला विभूती लावून गळ्यातल्या लिंगाला हात लावायची. मिरचीच्या तिखट खाटानं तिची शिंक आमेनच्या आधी यायची. येशूच्या गोष्टी सांगायला लागली की तिचे डोळे चमकायचे. मी ऐकून घ्यायची आन् म्हणायची, "चांगला हाय गं तुझा देव. पण मला माझा बरा." ती हसायची. "मग तुझ्या देवाला सांग, गौराक्काचं तोंड घडीभर बंद ठेव."

अशी नऊ-दहा वर्सं गेली. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिला दिसायला कमी आलं. साठी उलटली होती. मिशननं तिला डोळ्यांच्या ऑपरेशनला तिच्या मुलखात बोलावलं.

"वर्सभरात येते," म्हणाली. "जागा ठेव."

"जागा काय पळून जाती?" म्हणलं. पेटी माझ्यापाशी ठेवून गेली.

ती गेली आन् श्रावणाच्या आसपास लातूर जिल्हा झाला. रात्री उस्मानाबादचे म्हणून निजलो, सकाळी लातूरचे म्हणून उठलो. पेढे वाटले, मीबी दोन खाल्ले. मग दिवाळी आली. पहिल्या न्हाणाला अंगाला उटणं लावताना डाव्या छातीत हाताला गाठ लागली. सुपारीएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती होती.

अय्यो, काय सांगू! माझ्या आईला अशीच गाठ झालती. ती त्यातच गेली. त्यामुळं ही काय चीज हाय ते मला पुरतं माहीत. सुनेला सांगायला गेले, तोंड उघडंना. लेकाला कसं सांगू? उदगीरचे डॉक्टर पुरुष. शेकडो बायकांना "सांग की, लाजतीस काय" म्हणणारी मी, माझीच जीभ टाळ्याला चिकटली. एवढंच डोक्यात बसलं होतं की सांगंन तर हेल्गाबाईला. ती येऊ दे, लिंबाखाली बसू दे, मग सांगंन. दर बाजारी मी तिची पेटी बुंध्याला टेकवून ठेवायची आन् पुढं मूठभर मिरची पसरायची, जागा मोकळी दिसू नये म्हणून.

नाताळाच्या सुमाराला मिशनचा माणूस येऊन दवाखान्याला कुलूप लावून गेला. म्हणाला, "बाई आता येत नाहीत. वय झालं त्यांचं." घरी येऊन भाकरी थापली, तीन करपल्या.

संक्रांतीनंतर अजून एक झेंगट. नवा जिल्हा झाला तशी सगळ्यांना सगळं नव्यानं मोजायची हौस आली. बाजारात एक साहेब आले, चुन्याच्या रेघा मारून जागांना नंबर घालायला लागले. एका माणसाला एक जागा, आन् हजर असंल त्याचंच नाव. लिंबाखाली आले. "ही कोणाची?"

"हेल्गाबाईची," म्हणलं.

"हजर आहेत का?"

"गावाला गेली."

मागून शिवप्पा हसला. माझा चुलत दीर, स्टीलची भांडी विकायचा, त्याला जागा नव्हती. "कुठल्या गावाला, वैनी? सात समुद्रापलीकडच्या? साहेब, ती काय येत न्हाई. लिहा माझं नाव, शिवप्पा."

साहेबांनी पेन टेकवलं. माझा हात आपोआप छातीवर गेला. तिथं भांड्यांचं दुकान लागलं असतं तर ती येऊन कुठं बसली असती? आन् मी कुणापुढं बसले असते?

"थांबा!" मी ओरडले. "लिहा गौरम्मा. ही जागा माझी."

"मग ती वाटेवरची?"

"ती शिवप्पाला द्या."

शिवप्पानं आ वासला. वाटंवरची, सासूची जागा कोणी सोडतं का? घरी लेक लई तणतणला. म्हणाला, "आई, डोकं फिरलं का तुझं?" गिऱ्हाईक निम्मं झालं. मी कोणाला काय सांगणार होते? गौरम्मा गप बसली म्हणून गावाला नवल वाटलं.

शिमग्याच्या आधीचा बाजार. ऊन चटकून राहिलं होतं. एसटीतून एक उंच बाई उतरली. हातात काठी, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. काठी टेकत रांगेनं आली आन् माझ्या जुन्या जागेपुढं थबकली. तिथं शिवप्पाची पातेली.

"गौराक्का?" हाक घाबरी होती.

"इकडं हाय मी, इकडं! लिंबाखाली!"

ती आली. पेटीला हात लावला, मला हात लावला. "तुझी जागा कुठं गेली?"

"दिली."

"का?"

"मग तू कुठं बसली असतीस? हौदावर?"

ती खदखदून हसली. "मिशन म्हणालं, तुझं काम झालं, आता घरी राहा. मला परत पाठवणार नव्हतं. मी म्हणाले, माझी जागा ठेवलेली आहे, माझी मी जाते."

मी उठले. तिला धरून माझ्या पोत्यावर बसवलं, पेटी मांडीजवळ सरकवली. तिनं डोळे मिटले, ओठ हलले, आन् शिंक आली, आमेनच्या आधी. सगळं पहिल्यागत होतं. मग मी ढिगाला वळसा घातला आन् पुढं येऊन बसले, गिऱ्हाईक बसतं तिथं. इतक्या वर्सांत माझी मिरची मी त्या बाजूनं कधी बघितली नव्हती.

"मिरची कशी दिली?" मी विचारलं.

तिला वाटलं, थट्टा करती. "तुझीच मिरची, तूच सांग."

मी मिरची चिवडायला लागले. "मिरची कशी दिली?"

तिचं हसू गेलं. तिनं पेटीतून एक पट्टी काढली आन् गुंडाळायला लागली. तिसऱ्यांदा विचारायला माझं तोंड उघडलं, तशी रांगेकडं नजर गेली. आन् बोंब ठोकायला आज कोण होतं? रांगेतली माणसं तर कान टवकारून बसलेली, गोरी बाई आली म्हणून.

शिवप्पानं माझ्या तोंडाकडं बघितलं; माझी बोंब कशासाठी असायची ते इतक्या वर्सांत त्यालाबी कळलं असंल. तो ताडकन उठला, एक परात उचलली आन् झारा घेऊन बडवायला लागला. "या, या! स्टीलची परात! एकदा घ्या, नातवापर्यंत वापरा!" सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या.

हेल्गाबाईनं मान वळवली न्हाई. पट्टी गुंडाळत गुंडाळत म्हणाली, "किती दिवस झाले?"

मी मिरचीकडं बघितलं. "दिवाळीपासून," म्हणलं. "गाठ हाय. छातीत. आईला होती तसलीच."

तिचा हात क्षणभर थांबला, मग परत पट्टी गुंडाळायला लागला. "उद्या पहिल्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात," ती म्हणाली. "ऑपरेशनला मी तुझ्याजवळ उभी राहीन. घाबरू नको, गौराक्का. मी आहे ना."

माझ्या डोळ्यांतून टपाटपा पाणी पडायला लागलं. एक बाई वाकून म्हणाली, "काय झालं गं गौरम्मा?" म्हणलं, मिरची लागली. शिवप्पा परात बडवतच होता.