बांगडीतली पिन

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले होते. समोर एका लहान मुलीच्या फ्रॉकचा बंद तुटला, तर शेजारच्या अनोळखी बाईने आपल्या बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि लावून दिली. एवढंच झालं. मला मात्र एकदम थकल्यासारखं वाटलं.

आईच्या बांगड्यांना अशा पिना कायम लटकलेल्या असायच्या. आमच्या शाळेच्या पिशव्या, लग्नातल्या साड्या, मग नातवंडांची लाळेरी, स्नेहसंमेलनातली धोतरं, सगळं त्या पिनांवर निभावलं. काही उसवलं, तुटलं की आम्ही जाऊन तिच्यापुढे उभे. "थांब, पिन आहे माझ्याकडे," म्हणायची. बांगडीतल्या संपल्या तर स्वतःच्या खांद्यावरची काढून द्यायची आणि मग दिवसभर पदर सावरत कामं करायची. नव्वदीला टेकली तरी हेच. कधीतरी तिलाही कंटाळा येत असेल. आम्ही विचारलं नाही.

ती गेली त्या सकाळी तिला नवी साडी नेसवली. पदर काही खांद्यावर राहीना. वहिनी म्हणाली, "ताई, एक पिन बघा ना." लेकी, सुना, नाती, एवढ्या बायका घरात, एकीकडेही पिन नव्हती. जवळ ठेवायची वेळच कधी आली नव्हती. कपाटं उघडून झाली, शिवणाचा डबा उपसून झाला. मग वहिनीचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं.

बांगडीत एक होती.