तेराला सोळा कळेना

तैवानमधल्या तैनान शहराजवळ ल्याओ मालकांची ऑर्किडची बाग आहे. युए-चिन तिथं आली ती कुंड्या भरायला. मालकांनी आणलेला कॉम्प्युटर सहा महिने धूळ खात पडला होता आणि आणलेली वस्तू वाया गेलेली तिला बघवेना, म्हणून ती तो आपली आपण शिकली. आता पन्नाशी उलटली, पण बागेतल्या यंत्राला तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही.

मालकांनी सव्वीस वर्षं फुलांचे संकर केले. कुठल्या रोपाची आई कोण, बाप कोण, ते सगळं त्या एकाच यंत्रात होतं. वह्या वादळाच्या पुरात गेल्या होत्या. आणि त्या सकाळी डिस्क करकरायला लागली. नवं यंत्र शेजारी तयार होतं, नक्कल काढून त्यात भरायची एवढंच. पण परवा युए-चिननं यंत्र चालवणारी प्रणाली, लिनक्स, नवी केली होती, आणि आता नक्कल निघेना. पडद्यावर एकच रड: डेटाबेसचा सर्व्हर सोळाव्या आवृत्तीचा, नक्कल काढणारं हत्यार तेराव्या आवृत्तीचं; जमणार नाही.

मालकांचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं गं. दुकानात हिरवं पाकीट नव्हतं, म्हणून यंत्रावर पिवळं ठेवलं."

यंत्रावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं की ते शहाण्यासारखं वागतं, पिवळं ठेवलं की अडतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"पाकीट बदला हवं तर," युए-चिन म्हणाली, "पण तेवढ्यानं भागायचं नाही."

मालक खरंच स्कूटर काढून गेले. तिनं यंत्राला विचारलं, हे तेरा नंबरचं हत्यार तू आणतोस कुठून? उत्तर आलं आणि तिनं कपाळावर हात मारला. काही वर्षांपूर्वी तिनंच ते हातानं एका वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलं होतं आणि यंत्राला बजावलं होतं, आधी इथंच बघायचं. सोळा नंबरचं हत्यार परवाच आत आलं होतं, पण त्याला विचारतो कोण! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

तिनं ती जुनी वाट पुसली आणि हुकूम पुन्हा दिला. डिस्क करकरत होती. वीस मिनिटांनी नक्कल पुरी झाली. नव्या यंत्रात ती भरेपर्यंत जुनी डिस्क कायमची गप्प झाली.

मालक हिरवं पाकीट घेऊन धापा टाकत आले. "आलं सगळं? बघू, चौदाशे बारा नंबरचं रोप काढ. त्याची आई पांढरी."

"जांभळी आहे, मालक."

"पांढरी! वीस वर्षं बायकोशी भांडतोय मी त्यावरून!"

"तुम्हीच लिहिलंय. जांभळी."

मालक पडद्यावर वाकले, आणि एकदम खदखदून हसले. "म्हणजे माझ्या चुकीचा पुरावासुद्धा शाबूत आला!" त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "ऐकतेस का? युए-चिननं सगळं वाचवलं! जांभळीच होती! तू जिंकलीस!"

पलीकडून बाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की युए-चिनलाही स्पष्ट ऐकू आलं: "आधी तिला जेवायला घेऊन या!"